सत्य एक की अनेक? : दोन जपानी कलाकृतींच्या निमित्ताने

प्रभू येशूला क्रूसावर देण्याचा निकाल ठरण्यापूर्वी पिलाताने त्याला सत्याविषयी एक प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी न थांबता तो बाहेर जमलेल्या लोकांकडे निघून गेला, असे संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. दर पवित्र शुक्रवारी हे वाचन आपल्या कानांवर पडते. पिलाताचा तो प्रश्न अद्याप शिळा झालेला नाही. फरक एवढाच, की आता तो प्रश्न म्हणून सहसा विचारला जात नाही. उत्तर आधीच ठाऊक असल्याप्रमाणे माणसे बोलतात. ‘ज्याचे त्याचे सत्य’, ‘तुमच्या ठिकाणी तुम्ही बरोबर, आमच्या ठिकाणी आम्ही’ ही वाक्ये महाविद्यालयात शिकणारी मुले घरी येऊन ऐकवतात आणि आईवडिलांनाही त्यांत काही वावगे दिसत नाही. भांडण टळते, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सलोखा राहतो, आणि आपण उदार मनाचे आहोत असे समाधानही पदरी पडते.

या विचाराला हसण्यावारी नेणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्यात तथ्याचा मोठा अंश आहे. माणूस जे पाहतो ते तो जेथे उभा आहे तेथून पाहतो. आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते, आणि एकाच वस्तूचे अनेक पैलू असतात हे जैन आचार्यांनी अनेकान्तवादात किती सूक्ष्मपणे मांडले आहे, हेही सुशिक्षित वाचक जाणतात. मात्र ही गोष्ट सांगताना एक बाब हटकून विसरली जाते. कोणाच्या हाती सोंड आली, कोणाच्या हाती शेपूट आली, तरी हत्ती एकच होता. तो एक नसता तर आंधळ्यांच्या भांडणालाही अर्थ उरला नसता.

सत्य व्यक्तीगणिक बदलते या मतासाठी आणि ते देशागणिक, संस्कृतीगणिक बदलते या मतासाठी दोन जपानी कलाकृतींची साक्ष वारंवार काढली जाते. पहिली, र्‍यूनोसुके अकुतागावा यांची १९२२ साली प्रसिद्ध झालेली ‘यबु नो नाका’ म्हणजे ‘बनामध्ये’ ही कथा व तिच्यावरून अकिरा कुरोसावा यांनी १९५० साली काढलेला ‘राशोमोन’ हा चित्रपट. दुसरी, शुसाकु एन्डो यांची १९६६ सालची ‘चिन्मोकु’ म्हणजे ‘मौन’ ही कादंबरी. या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यावी, ते खरोखर काय सांगतात ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अकुतागावांची कथा अवघ्या काही पानांची आहे. एका सामुराईचे प्रेत बनात सापडते. सात जणांच्या जबान्या होतात. पहिले चौघे, म्हणजे प्रेत पाहणारा लाकूडतोड्या, वाटेत त्या जोडप्याला पाहिलेला बौद्ध भिक्षू, दरोडेखोराला पकडणारा शिपाई आणि मृताची सासू, हे आपापले थोडेसे सांगून जातात. खरी गुंतागुंत पुढच्या तिघांत आहे. दरोडेखोर म्हणतो, मी त्याला द्वंद्वात मारले. पत्नी म्हणते, नवऱ्याच्या डोळ्यांतील तिरस्कार मला सोसवेना, मी त्याला मारले. आणि मृताचा आत्मा एका माध्यमाच्या मुखातून म्हणतो, मी स्वतःच स्वतःला मारले. लेखक निकाल देत नाही. येथेच कथा संपते.

१९५१ साली ‘राशोमोन’ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंहाचे पारितोषिक मिळाले आणि तेव्हापासून ‘राशोमोन’ हा शब्दच सत्याच्या अनेकतेचा पर्याय होऊन बसला. एखाद्या खटल्यात साक्षी जुळल्या नाहीत, एखाद्या घराण्यातील वाद उलगडला नाही, की ‘राशोमोनसारखे आहे’ असे म्हणून माणसे विषय मिटवतात.

कथा बारकाईने वाचली तर मात्र निराळेच चित्र दिसते. साधारणपणे गुन्हेगार खोटे बोलतो ते आळ दुसऱ्यावर टाकण्यासाठी. येथे तिघेही खून स्वतःकडे ओढून घेतात. शिक्षा चुकविण्यासाठी ते खोटे बोलत नसून स्वतःची प्रतिमा राखण्यासाठी बोलत आहेत. दरोडेखोराला शूर ठरायचे आहे, पत्नीला मानिनी, आणि सामुराईला मेल्यानंतरही सामुराईच राहायचे आहे. ज्याला आपण ‘ज्याचे त्याचे सत्य’ म्हणतो ते या कथेत वस्तुतः ज्याचा त्याचा अहंकार आहे. आणि अहंकाराला काही झाकावे लागते, ते झाकण्यासारखे काही घडलेले असते म्हणूनच. सामुराई तीन वेळा मेलेला नाही. तो एकदाच, एकाच रीतीने मेला.

आणखी एक गोष्ट आहे. तिची चर्चा क्वचितच होते. तिन्ही जबान्या एकमेकींशी जवळजवळ प्रत्येक बाबतीत भांडतात, पण एका बाबतीत त्या पूर्णपणे एकमताच्या आहेत. त्या बनात त्या स्त्रीवर अत्याचार झाला. दरोडेखोर ते कबूल करतो, ती स्वतः ते सांगते आणि नवऱ्याचा आत्माही तेच सांगतो. या कथेवर शेकड्यांनी लेख लिहिले गेले. तलवार कोणाच्या हातात होती यावर खल झाला. परंतु जे सत्य कोणीच नाकारत नाही, ज्याच्यावर कथेतील तिन्ही अहंकारांचे एकमत आहे, त्याकडे मात्र ‘सत्य सापडत नाही’ असे म्हणणाऱ्यांची पाठ असते. आमच्या मते या कथेच्या लोकप्रिय अर्थाची खरी उणीव येथे आहे. सत्य संदिग्ध आहे असे म्हटले, की जिच्यावर अन्याय झाला तीही आपोआप संदिग्ध होते.

कुरोसावांना ही उणीव जाणवली असावी, असे चित्रपटावरून वाटते. त्यांनी लाकूडतोड्याला प्रत्यक्षदर्शी केले, त्याच्या तोंडी चौथी हकिकत घातली, आणि त्याने स्वतःही खंजीर लांबविल्याचे सूचित करून त्याचीही साक्ष निर्मळ ठेवली नाही. अखेरीस मात्र पडक्या वेशीत टाकून दिलेले एक तान्हे मूल रडते आणि तो गरीब लाकूडतोड्या, घरी स्वतःची मुले असताना, त्याला उचलून घेतो. टीकाकारांनी हा शेवट भावविवश म्हणून नाकारला आहे. आम्हांस तो आवश्यक वाटतो. साक्षी कितीही विसंगत असोत, मूल रडत आहे यात मतभेद संभवत नाही.

व्यक्तींकडून आता संस्कृतींकडे वळू. येथे प्रश्न अधिक अवघड होतो, कारण येथे खोटे बोलणाऱ्या माणसांशी गाठ नसून प्रामाणिकपणे वेगळे जगणाऱ्या समाजांशी गाठ असते. एन्डो यांना हा प्रश्न पुस्तकातून सापडलेला नव्हता. १९२३ साली जन्मलेल्या या लेखकाला बालवयात आईच्या पाठोपाठ स्नानसंस्कार मिळाला. १९५० साली ते फ्रेंच साहित्याच्या अभ्यासासाठी फ्रान्सला गेले आणि तेथे कॅथलिक असूनही आपण परके आहोत, हे त्यांना पदोपदी जाणवले. आपला धर्म म्हणजे दुसऱ्याने अंगावर चढविलेला, मापात न बसणारा पाश्चात्त्य पोशाख आहे, असे ते म्हणत. आणि तो काढून फेकता येत नसल्याने आपल्या देहाला बसेल असा तो शिवून घेणे, हे त्यांनी आयुष्याचे काम मानले. १९९६ साली ते निवर्तले.

‘मौन’ला इतिहासाचा आधार आहे. १५४९ सालच्या ऑगस्टच्या १५ तारखेस संत फ्रान्सिस झेवियर कागोशिमा येथे उतरले. त्यांच्याबरोबर आन्जिरो नावाचा जपानी होता. त्याचा स्नानसंस्कार आदल्याच वर्षी आपल्या गोव्यात झाला होता. पुढे काही दशके जपानमध्ये ख्रिस्तसभा झपाट्याने वाढली आणि नंतर तितक्याच झपाट्याने छळ सुरू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रूसावर मारण्यात आले. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया त्यांपैकी एक होते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १६१४ साली धर्मावर देशभर बंदी आली. १६३३ साली तर येशूसंघाचे जपानमधील प्रमुख ख्रिस्तोव्हाव फेरेरा यांनी खड्ड्यात उलटे टांगण्याची शिक्षा काही तास सोसल्यानंतर धर्मत्याग केला. या बातमीने युरोप हादरला.

एन्डो यांच्या कादंबरीत फेरेरांचे दोन तरुण शिष्य, रॉड्रिग्ज आणि गार्पे, ही बातमी खरी की खोटी ते पाहण्यासाठी गोवा व मकाव या मार्गाने जपानला जातात. रॉड्रिग्जच्या व्यक्तिरेखेमागे १६४३ साली जपानमध्ये उतरलेले इटालियन येशूसंघीय जुझेप्पे कियारा आहेत. खेड्यांतील गुप्त ख्रिस्ती त्यांना लपवितात, आणि त्याची किंमत मोजतात. मोकिची आणि इचिझो या शेतकऱ्यांना समुद्रात खांबाला बांधून भरतीच्या पाण्याने मरू दिले जाते. गार्पे मरतो. रॉड्रिग्ज पकडला जातो. आणि मग कादंबरीत सत्याविषयीचा तो वाद सुरू होतो, ज्याच्यामुळे तिची एवढी चर्चा झाली.

रॉड्रिग्जचे म्हणणे सरळ आहे. जे सत्य आहे ते सर्वत्र सत्य असले पाहिजे. पोर्तुगालमध्ये खरे आणि जपानमध्ये खोटे, अशी गोष्ट सत्य या नावाला पात्र नाही. न्यायाधिकारी त्याला शिवीगाळ करीत नाहीत. कादंबरीतील इनोऊए हा मुख्य अधिकारी तर अतिशय सौम्य, हसतमुख वृद्ध आहे. एकेकाळी त्याने स्वतः स्नानसंस्कार घेतला होता, असेही कादंबरीत येते. हे लोक ख्रिस्ती धर्म खोटा आहे असे म्हणत नाहीत. तो जपानला मानवत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. एका मातीत डवरणारे झाड दुसऱ्या मातीत वाळते, त्यात झाडाचा दोष नाही आणि मातीचाही नाही. नंतर फेरेराच याहून कठोर शब्दांत तेच सांगतात. हा देश म्हणजे दलदल आहे, येथे मुळे कुजतात. जपानी लोक ज्याची भक्ती करीत होते तो आपला परमेश्वर नव्हताच. त्यांनी त्याला आपल्या सोयीचे दुसरेच काही करून टाकले होते.

या आक्षेपाला इतिहासात आधार आहे. परमेश्वरासाठी कोणता जपानी शब्द वापरावा, हे आन्जिरोला विचारून झेवियर यांनी प्रथम ‘दाइनिची’ हा शब्द घेतला. शिंगोन पंथातील महाबुद्धाचे ते नाव होते. श्रोत्यांना वाटले, हा भारतातून आलेला नवा बौद्ध पंथ असावा. घोटाळा लक्षात येताच झेवियर यांनी तो शब्द टाकला आणि ‘देउस’ हा लॅटिन शब्दच रूढ केला. या प्रसंगावरून पुष्कळ अभ्यासक असा निष्कर्ष काढतात, की एका संस्कृतीचे सत्य दुसरीच्या भाषेत जाऊच शकत नाही. आम्हांस याच्या उलट वाटते. सत्य खरोखर मातीप्रमाणे बदलत असते, तर ‘दाइनिची’ हा शब्द जपानपुरता बरोबरच ठरला असता. दुरुस्तीची वेळच आली नसती. शब्द चुकला असे ज्या मापाने ठरले, ते माप शब्दाच्या पलीकडे होते.

मराठीत तर याचे ठळक उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध केले, तेव्हा पुराणाचा घाट आणि ओवी हा छंद तर त्यांनी स्वीकारलाच, शिवाय स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही घेतला. तो शब्द परका अर्थ घेऊन आला होता, पण काव्याच्या हजारो ओव्यांच्या ओघात तो नव्या अर्थाला सरावला. झेवियर यांनी शब्द टाकला, स्टीफन्स यांनी शब्द घडविला. दोघांच्या पद्धती वेगळ्या, परंतु सांगायची गोष्ट एकच होती, म्हणूनच कोणती पद्धत साधली व कोणती फसली हे आपण आज सांगू शकतो.

आता इनोऊएच्या युक्तिवादाकडे परत येऊ. तो ऐकायला फार समंजस वाटतो, आणि कादंबरीच्या अनेक वाचकांनी तोच लेखकाचा निष्कर्ष मानला. पण तो कोण बोलत आहे हे विसरून चालणार नाही. ज्याच्या हाती तुरुंग, खांब आणि खड्डा आहे तो हे बोलत आहे. त्याच्या पाठोपाठ फेरेरा बोलतात, ज्यांना त्याच खड्ड्याने मोडले आहे. माती झाडाला मानवत नाही हे जर खरे असते, तर झाड आपोआप वाळले असते. त्यासाठी एवढी कुऱ्हाड कशाला हवी होती? जे शेतकरी समुद्रात उभे राहून मेले ते पोर्तुगीज नव्हते. ते त्याच मातीतील होते. त्यांच्याविषयी ‘तुमचे सत्य या मातीचे नव्हे’ असे म्हणण्याचा अधिकार एका अधिकाऱ्याने स्वतःकडे घेतला, आणि ते ज्याच्यासाठी मेले तो परमेश्वर नव्हताच असे म्हणण्याचा अधिकार एका परदेशी धर्मगुरूने घेतला. मरणाऱ्यांना कोणीच विचारले नाही.

‘हा धर्म या मातीतला नव्हे’ हे वाक्य आपल्या कानांनाही अपरिचित नाही. ते ऐकताना आपण दुखावतो, आणि ते साहजिकच आहे. म्हणूनच दुसरी बाजूही येथे नोंदविली पाहिजे. गोव्यात १५६० साली धर्मन्यायपीठ स्थापन झाले आणि ते १८१२ साली कायमचे बंद झाले. सत्य एक आहे आणि ते संपूर्णपणे आमच्याच मुठीत आहे, असे मानणाऱ्यांच्या हाती सत्ता आली म्हणजे काय होते, याचा तो दाखला आहे. इनोऊए सत्य अनेक मानतो आणि माणसांना टांगतो. धर्मन्यायपीठ सत्य एक मानते आणि माणसांना छळते. तेव्हा सत्य एक मानले की माणूस आपोआप सज्जन होतो, असा आमचा दावा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील आपल्या घोषणापत्रात सत्य केवळ स्वतःच्याच बळावर माणसाच्या मनात प्रवेश करते असे सांगितले, आणि त्याच वर्षी अन्य धर्मांविषयीच्या दुसऱ्या घोषणापत्रात त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असेही म्हटले. सत्य एक आहे या श्रद्धेला या दोन्ही घोषणांनी धक्का लावला नाही. सत्य हाती धरून दुसऱ्याला मारण्याचा हक्क मात्र काढून घेतला.

मग सत्य एक मानण्याची गरज कोणाला असते? याचे उत्तर आमच्या मते ‘मौन’मधील एका प्रसंगात आहे.

रॉड्रिग्जला अखेरच्या रात्री एका अंधाऱ्या कोठडीत ठेवले आहे. उद्या आपल्याला हौतात्म्य लाभणार, या विचाराने तो प्रार्थनेत आहे. इतक्यात त्याला घोरण्याचा आवाज ऐकू येतो. पहारेकरी दारू पिऊन झोपला असावा. आपल्या आयुष्यातील एवढ्या पवित्र रात्री कोणीतरी निर्लज्जपणे घोरत आहे याचे त्याला आधी हसू येते, मग संताप येतो. तो भिंतीवर धडका मारतो. तेव्हा दार उघडते आणि फेरेरा त्याला सांगतात, की ते घोरणे नाही. खड्ड्यात उलट्या टांगलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे ते कण्हणे आहे. त्यांनी धर्म सोडल्याचे केव्हाच सांगितले आहे. पण तू प्रतिमेवर पाय देईपर्यंत त्यांना वर काढणार नाहीत.

कादंबरीतील तत्त्वचर्चेची पाने वाचकाच्या स्मरणातून पुसट होतील, हा आवाज होणार नाही. आवाज एकच होता. रॉड्रिग्जच्या जागेवरून, त्याच्या मनःस्थितीत, तो घोरण्याचा होता, आणि तो प्रामाणिकपणेच तसे समजत होता. त्याच्या समजुतीने ते घोरणे झाले नाही. भिंतीपलीकडे माणसे मरत होती. ‘ज्याचे त्याचे सत्य’ हा न्याय येथे लावला तर रॉड्रिग्जचे सत्य घोरण्याचे आणि शेतकऱ्यांचे सत्य कण्हण्याचे, असे म्हणून आपल्याला झोपी जावे लागेल. ज्याला कोणी टांगलेले नाही त्याला ही सोय परवडते. टांगलेल्याला परवडत नाही. त्याची सारी आशा यावरच असते, की जे घडत आहे ते पलीकडल्या माणसाच्या समजुतीहून वेगळे आहे आणि कधीतरी कोणी दार उघडून तसे सांगेल. अकुतागावांच्या बनातील त्या स्त्रीची गतही हीच होती.

यानंतर रॉड्रिग्ज प्रतिमेवर पाय देतो. शेकडो पावलांनी झिजलेल्या त्या धातूच्या चेहऱ्यातून ख्रिस्तच त्याला तसे करण्यास सांगतो, असे एन्डो लिहितात. या जागी जपानमधील अनेक कॅथलिक दुखावले, आणि त्यांचे दुखावणे समजण्यासारखे आहे. हुतात्म्यांच्या भूमीत धर्मत्यागाला ख्रिस्ताचीच संमती दाखविणे हे साधे धाडस नव्हे. तो आवाज खरा की थकलेल्या मनाचा भास, याचा निर्णय कादंबरी देत नाही. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो, की येथेही एन्डो सत्य बदलते असे म्हणत नाहीत. रॉड्रिग्जच्या पायाला वेदना होते. ज्याच्यावर पाय ठेवला तो कोणी नसता, किंवा तो फक्त पोर्तुगालपुरताच खरा असता, तर ती वेदना झाली नसती. बदलते ती प्रतिमा. युरोपीय चित्रांतून पाहिलेला तेजस्वी, सुंदर चेहरा मनात घेऊन रॉड्रिग्ज जपानला आला होता. त्याच्याशी अखेर बोलतो तो जपानी पायांनी झिजलेला, खोलगट झालेला चेहरा. चेहरा दुसरा, ज्याचा तो चेहरा आहे तो तोच.

या बाबतीत कादंबरीतील सर्वांत विश्वासू साक्षीदार कोण, असे विचारले तर आम्ही किचिजिरोचे नाव घेऊ. हा दारुडा, भित्रा कोळी पुन्हापुन्हा प्रतिमेवर पाय देतो, रॉड्रिग्जला पकडून देतो, आणि तरीही पुन्हापुन्हा त्याच्या मागे येऊन कुमसार ऐकण्याची विनवणी करतो. छळाच्या काळात दुबळा जन्मलो, सुखाच्या काळात जन्मलो असतो तर चांगला ख्रिस्ती झालो असतो, असे तो रडत सांगतो. त्याला एक सोपा मार्ग मोकळा होता. माझे सत्य निराळे आहे असे म्हणून तो सुटू शकला असता. इनोऊए तसे म्हणतो, फेरेरा तसे म्हणतात. किचिजिरो एकदाही म्हणत नाही. आपण केले ते पाप आहे हे त्याला ठाऊक आहे, म्हणूनच तो क्षमा मागतो. सत्य ज्याचे त्याचे असेल तर कोणाचेच काही चुकत नाही, आणि ज्याचे चुकलेच नाही त्याला क्षमेचा मार्गही उरत नाही. कादंबरीच्या शेवटी जोडलेल्या दफ्तरी नोंदींत किचिजिरोच्या गळ्यातील ताइतात ख्रिस्ती प्रतिमा सापडल्याचा उल्लेख येतो. विद्वानांची श्रद्धा गेली, या माणसाची गेली नाही.

एन्डो यांच्याकडे आमची एक तक्रार आहे. दलदलीचा युक्तिवाद त्यांनी फेरेरांच्या तोंडी इतका प्रभावी करून घातला, की त्याला तोलामोलाचे उत्तर कादंबरीत कोणीच देत नाही. उत्तर इतिहासाने दिले. नागासाकीला परदेशी रहिवाशांसाठी ओउरा येथे नवे चर्च उभे राहिले. ते सव्वीस हुतात्म्यांच्या, म्हणजे आपल्या गोन्सालो गार्सियांच्याही, नावे अर्पण केलेले आहे. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी गावातील काही माणसे तेथे आली आणि फादर बर्नार्ड पतिजाँ यांना त्यांनी हळूच सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि पवित्र मारियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. दोनशेहून अधिक वर्षे एकही धर्मगुरू नसताना त्यांनी स्नानसंस्कार, सणांची गणना आणि प्रार्थना पिढ्यानपिढ्या सांभाळल्या होत्या. पुढे त्यांतील तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले आणि १८७३ साली बंदी उठेपर्यंत त्यांनी तेही सोसले. दलदलीत मुळे कुजली नव्हती.

हे चित्रही एकरंगी नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. गुप्त ख्रिस्ती लोकांपैकी काही समूह ख्रिस्तसभेत परतले नाहीत. पूर्वजांकडून आलेले विधीच त्यांनी आपले मानले. त्यांच्यात जपलेल्या ‘तेन्ची हाजिमारी नो कोतो’ या कथनात बायबलमधील गोष्टींत जपानी गोष्टी मिसळल्या आहेत. त्यात एक मोठा बोलका बदल आहे. पोंतियस पिलात हा एक माणूस राहिला नसून ‘पोन्शा’ आणि ‘पिरोतो’ असे दोन अधिकारी झाले आहेत. सत्याविषयी प्रश्न विचारून निघून गेलेला माणूस असा दुभंगला. नावे मोडली, कथा वेड्यावाकड्या झाल्या, पण अधिकाऱ्यांनी एका निरपराध्याला क्रूसावर मारले ही गोष्ट त्या शेतकऱ्यांनी हातची जाऊ दिली नाही. भाषा आणि संस्कृती सत्याचे काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, हे दोन्ही येथे एकाच ठिकाणी दिसते.

‘मौन’चा विल्यम जॉन्स्टन या आयरिश येशूसंघीयांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६९ पासून उपलब्ध आहे, आणि २०१६ साली मार्टिन स्कॉर्सेसी यांनी काढलेल्या चित्रपटामुळे ती पुन्हा चर्चेत आली. आपल्या धर्मग्रामांतील वाचक मंडळांनी व तरुणांच्या गटांनी ती अवश्य वाचावी, तिच्यावर वाद घालावा. मुलांनी ‘ज्याचे त्याचे सत्य’ असे म्हटले तर त्यांच्यावर रागावू नये. त्या म्हणण्यामागे दुसऱ्याला दुखवू नये ही सदिच्छा असते आणि ती जपण्यासारखी आहे. त्यांच्यापुढे फक्त ती अंधारी कोठडी ठेवावी आणि तो आवाज घोरण्याचा होता की कण्हण्याचा, एवढेच विचारावे. पिलात उत्तरासाठी थांबला नाही. आपण आपल्या मुलांसमवेत थोडा वेळ थांबलो, तर उत्तर ऐकू येण्याचा संभव आहे.